पाकटाचा काटा

इंदापूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. श्रेया,

तुझं पत्र मिळालं. हल्ली टपालानं फक्त विम्याच्या नोटिसा येतात, त्यामुळे पोस्टमननंही पाकीट देताना हस्ताक्षर नीट बघून घेतलं. लग्न ठरलं हे वाचून आनंद झाला. संदेश तिथं नाशिकला फिजिओथेरपी करतो आणि तुला नव्यानं चालायला शिकवता शिकवता ओळख झाली, हे तू दीड ओळीत उरकलंस. तुझ्या काकीनं ती दीड ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

त्यानंतरचा परिच्छेद मी तिला वाचून दाखवला नाही. तू लिहितेस: 'कन्यादानाला आप्पांनी बसू नये. तात्या, तुम्ही आणि काकीनं बसावं. तुम्ही माझा जीव वाचवला. त्यांनी एका एक्स-रेला नको म्हणून माझं पाऊल घालवलं.'

याचं उत्तर फोनवर देता आलं असतं. दोनदा फोन लावलाही. तू 'तात्या, बरे आहात ना?' म्हणालीस की माझी पुढची सगळी तयारी वाहून जाते आणि मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवतो. म्हणून कागद घेतला. कागद मधे बोलत नाही.

लग्नाला, वीस एप्रिलला, अजून अडीच महिने आहेत. घाई करू नकोस. संभाजी तुझा बाप आहे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि आयुष्यात त्यानं माझा शब्द कधी खाली पडू दिलेला नाही. तेवढं लक्षात ठेव.

तू विचारलंस, माशाच्या काट्यानं माणसाचं अर्धं पाऊल कसं जातं हे संदेशच्या घरच्यांना समजत नाही, त्यांना काय सांगू? असं सांग. पाकट हा ताटासारखा चपटा मासा. उथळ पाण्यात अंगावर वाळू ओढून पडून राहतो. कुणाच्या मागं लागत नाही. पण कुणी अंगावर पाय दिला की शेपूट वर येतं, आणि शेपटीवर करवतीसारखा काटा असतो, दाते उलट्या बाजूनं वळलेले. जाताना सरळ जातो, निघताना मांस फाडत निघतो, नाहीतर आतच मोडतो. त्याच्यावरच्या पातळ कातडीत विष असतं. ते विष उष्णतेनं नासतं. म्हणून पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर, दीड तास ठेवायचा. मग जखम धुवायची, आत तुकडा राहिला का ते बघायचं, टाके न घालता जखम उघडी ठेवायची, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं. एवढंच आहे. बारावीच्या पोराला पाठ होईल.

मी डॉक्टर, पण दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. बारामती-इंदापूरला समुद्र नाही. विंचवाचं विचार, सापाचं विचार, तीस वर्षांत मी हजारावर माणसं बरी करून घरी पाठवली आहेत. लोणी भापकरपासून लोक जीप करून माझ्याकडे येतात आणि मला त्याची घमेंड होती, हे आता लिहायला हरकत नाही.

गुहागरच्या पुढच्या त्या किनाऱ्यावर तुला काटा लागला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. पोलीस भरतीची मैदानी चाचणी दोन महिन्यांवर आली म्हणून तू सहलीतही अनवाणी पळत होतीस. तिथल्या एका कोळीणबाईनं चुलीवरचं पाणी घमेल्यात ओतून तुझा पाय त्यात धरला. पाच मिनिटांत तुझं ओरडणं कमी झालं. तेवढ्यात संभाजीनं मला फोन लावला. मी म्हणालो, "पाय पाण्यातनं काढ. गरमानं विष चढतं. त्या बाईला हात लावू देऊ नको."

तिच्या चुलीला जे ठाऊक होतं ते माझ्या डिग्रीला नव्हतं. एवढी चूक माझी. ती मी कबूल करतो.

तुझा,
तात्या

इंदापूर, २१ फेब्रुवारी २०२५

चि. श्रेया,

तू लिहिलंस, 'तात्या, तुम्ही उगाच स्वतःला दोष देता. इतक्या लांबून फोनवर तुम्ही तरी काय करणार होता?' हे वाचून मला बरं वाटलं. दोन दिवस खरंच बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दाढी करताना स्वतःची किळस आली.

तेव्हा आणखी थोडं सांगतो. पाय पाण्यातून काढायला लावला, त्यानंतर मी सांगितलं, पोटरीला आवळून बांध आणि बर्फ लाव. मासळीच्या पेटीतला बर्फ लावला संभाजीनं. गंमत बघ, सापाला सुद्धा आवळून बांधू नका असं मी शाळाशाळांत सांगत फिरतो. माळेगावला कारखान्याच्या कामगारांपुढं यावरच माझं भाषण झालं होतं. पण घरच्या पोरीचं म्हटल्यावर शिकलेलं सगळं बाजूला राहिलं आणि तोंडातून आमच्या वडिलांचं बोलणं बाहेर पडलं. लहानपणी पिंपळीत कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की ते पागोट्याचा पट्टा फाडत पळायचे. तसाच मी फोनवर पळालो.

नऊ तास तुझा पाय बांधलेला होता. वाटेत चिपळूण लागलं, कराड, सातारा, फलटण लागलं. बारामती लागली. प्रत्येक गावात मोठे दवाखाने होते. संभाजी प्रत्येक ठिकाणाहून फोन करायचा, "दादा, हितं दावू का?" आणि मी म्हणायचो, "माझ्याकडं आण." चार वाजता जीप माझ्या दारात आली तेव्हा तुझ्या बोटांचा रंग मला आवडला नव्हता. तरी मी हसत म्हणालो, आता काळजी नाही.

आणि जीव वाचवल्याचं. हे कुणालाच सांगितलेलं नाही. मी तुला सापाच्या विषावरचं औषध दिलं. माशाच्या विषाला त्याचा काडीचा उपयोग नाही. पण माझ्या हाताला तीच सवय, आणि काहीतरी करतोय असं दिसायला हवं होतं. त्या औषधानंच तुझ्या अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला, ओठ निळे पडले. मग मी दुसरी इंजेक्शनं देऊन तुला परत आणलं. तुझी आई माझ्या पायावर डोकं ठेवून रडली. तू ज्या मरणातून वाचलीस ते मीच आणलं होतं.

जखमेला मी पाच टाके घातले. सुबक. घाण आत कोंडली गेली.

तुझी आई, कौसल्या, परवा येऊन गेली. तू कन्यादानाचं म्हणालीस ते तिनं संभाजीला सांगितलं. मला वाटलं चिडला असेल. तर म्हणे उसाला पाणी देत होता, पाणी वळवायला वाफ्यांची दारं मोडता मोडता एवढंच म्हणाला, "तिचं बराबर हाय." आणि वाफ्यातलं पाणी फुटून शेजाऱ्याच्या रानात गेलं तरी त्याला कळलं नाही.

एक्स-रेचं म्हणशील तर त्या दिवशी फार धावपळ होती. कागदावर जे आहे ते तू पाहिलंच आहेस. त्यात मी काय भर घालू?

कन्यादानाला कोण बसणार, याचं उत्तर पुढं देतो.

तात्या

इंदापूर, ९ मार्च २०२५

श्रेया,

आज वरती आशीर्वाद आणि खाली 'तात्या' लिहायला हात धजत नाही.

आज दुपारी उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासे धरणारा गेणू म्हणून एकजण आला. बरोबर त्याची बायको साखरबाई. जाळं मोकळं करताना मिशीवाल्या माशाचा काटा त्याच्या तळहातात घुसला होता. गोड्या पाण्यातला मासा, पण त्याच्याही काट्याला विष असतं. माणूस मोठा दांडगा, हात मांडीत दाबून लहान पोरासारखा डुलत होता.

मी पाणी तापवायला सांगितलं. माझं कोपर घालून पाहिलं, मग त्याचा दुसरा, चांगला हात घालून पाहिला, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलंही कळत नाही. मग दुखरा हात बुडवला. थंड झालं की पुन्हा गरम ओतायचं. वीस मिनिटांनी गेणूनं मान वर केली आणि म्हणाला, "आयला, डाक्टर, उतरलं की वो." मी मनात म्हटलं, बघा, मला येतं. दोन वर्षं यावर पुस्तकं वाचतोय मी, परदेशातली सुद्धा. समुद्री विषाचं जेवढं मला ठाऊक आहे तेवढं या तालुक्यात कुणाला ठाऊक नसेल.

तेवढ्यात साखरबाई पदर सावरत भीत भीत म्हणाली, "डाक्टर, फोटू काढायचा का हाताचा? काटा मोडला आसंल तर आत?"

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. ती बिचारी घाबरली, म्हणाली, "न्हाय, मला आपलं वाटलं. चुकलं माझं."

श्रेया, हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. आता नीट वाच आणि हवं तर संदेशलाही वाचायला दे.

त्या दिवशी तुला टेबलावर घेतलं. सिंधुबाई, माझ्याकडे बावीस वर्षं काम केलेल्या सिस्टर, जखम पुसत म्हणाल्या, "काटा आत न्हाय ना ऱ्हायला, डॉक्टर? बाभळीचा सुदिक ऱ्हातो." एक्स-रेचं दुकान आमच्याच बोळात, शंभर पावलांवर. मी त्यांना म्हणालो, हा विषाचा मामला आहे, काट्याचा नाही. मग तुझे आप्पा पुढं आले. हातात तुझी एक चप्पल होती, दुसरी कोकणातच राहिली होती. म्हणाले, "दादा, फोटू काढायचा का पायाचा?" मी म्हणालो, गरज नाही. थोड्या वेळानं त्यांनी परत विचारलं, "मी उचलून नेतू. लगीच आणतू." मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडलो. "डॉक्टर तू का मी? तुला काय कळतंय त्यातलं? गप बाहेर बस." ते बाहेर जाऊन बसले.

तुझ्या आप्पांनी एक्स-रेला नको म्हटलं नाही. त्यांनी मागितला. दोनदा.

मग कागदावर ते कसं आलं? तुला भरती करताना मी त्यांच्यापुढं कोरा कागद ठेवला आणि म्हणालो, सही कर, बाकीचं मी भरतो. त्यांनी केली. पाच दिवस तू माझ्याकडे होतीस. पाय काळा पडत चालला आणि मी रोज सांगत राहिलो की रक्त साकळलंय, उतरेल. सहाव्या दिवशी तुला पुण्याला नेलं. तिथल्या सर्जननं पाऊल कापताना आतून त्या करवती काट्याचा इंचभर तुकडा काढला आणि मला फोन केला. "एक्स-रे केला होता का?" मी म्हणालो, "सांगितला होता, नातेवाईक नको म्हणाले." इतक्या सहज निघालं तोंडातून की मलाच नवल वाटलं. पत्नीला भाजी काय आणू विचारावं तसं. ते म्हणाले, कागद पाठवून द्या. मग त्या कोऱ्या कागदावर, सहीच्या वरच्या जागेत, मी लिहिलं: 'एक्स-रे काढण्याचा सल्ला दिला. रुग्णाच्या वडिलांनी नकार दिला.' वेळही घातली. सायंकाळी साडेचार.

सिंधुबाई समोरच्या बाकावर बँडेज गुंडाळत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सोमवारपासून कामावर आल्या नाहीत.

मला वाटलं होतं, हा कागद डॉक्टर-डॉक्टरांत राहील. तू शुद्धीवर येऊन फाईल चाळशील आणि उशाशी उभ्या असलेल्या बापाला विचारशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तिथंच खिडकीपाशी होतो. तू विचारलंस, "आप्पा, तुम्ही नको म्हणालात?" त्यांनी तो कागद हातात घेतला. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. ते काहीच बोलले नाहीत. तू तोंड फिरवलंस, ते आजतागायत.

इतके दिवस मी स्वतःला समजावत होतो की संभाजीला सगळं ठाऊक आहे आणि माझी अब्रू राखायला तो गप्प आहे. थोरल्या भावासाठी एवढं करतोय, करू दे. मी मुकाट्यानं ते घेत राहिलो, आणि तुझं पत्र आलं तेव्हा पहिल्या क्षणी मला कन्यादानाचा मान मिळाल्याचा आनंदच झाला होता. असा आहे तुझा तात्या.

गेणूच्या हाताचा फोटो काढला. काटा आत नव्हता. जखम उघडी ठेवून घरी पाठवलं. साखरबाईला मी हात जोडले.

हे पत्र टाकण्याआधी संभाजीला वाचून दाखवणार आहे. त्याच्याआधी तुला कळावं, हे बरं नाही.

इंद्रजित

पिंपळी, ११ मार्च २०२५

श्रेया,

हे दोन्ही कागद एकाच पाकिटात घालतो आहे. कॅनॉलच्या कडेला, मोटरच्या खोलीपाशी बसून लिहितोय. अक्षर सांभाळून घे.

सकाळी आलो तेव्हा संभाजी उसाच्या खोडव्याला खत टाकत होता. मला बघून हात धुवून आला. "दादा, फोन न्हाय काय न्हाय, आसा कसा आलास? चहा टाकाया सांगतो." मी म्हणालो, बस, एक पत्र ऐकायचंय. तो बांधावर बसला. मी नऊ तारखेचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मधे थांबलो नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो मारेल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर मारावं असं वाटत होतं.

वाचून झालं. तो पायाखालचं ढेकूळ अंगठ्यानं फोडत होता. मग म्हणाला,

"मंग मी इचारलं हुतं?"

मला कळेना. मी म्हणालो, "काय?"

"फोटू काढायचा का म्हनून. मी इचारलं हुतं व्हय, दादा?"

"होय. दोनदा."

"उचलून नेतू म्हनालो हुतो?"

"होय, संभा."

त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. म्हणाला, "मला तसंच वाटायचं. पयल्या पयल्यांदा लई वाटायचं, की मी इचारलं हुतं. पन कागदावर सही माझी. तू लिव्हलेलं. तू खोटं कशापायी लिव्हशील? मंग म्या म्हनलं, आपुनच न्हाय म्हनालो आसंल. गडबडीत तोंडातनं ग्येलं आसंल. दोन वरसं मी सवताला इचारतुय, दादा, का न्हाय म्हनालास रं तू? पोटच्या पोरीला का न्हाय म्हनालास?"

श्रेया, तो माझी अब्रू राखत नव्हता. त्याला काही ठाऊकच नव्हतं. मी लिहिलेल्या एका ओळीवर त्यानं स्वतःच्या कानांपेक्षा जास्त विश्वास ठेवला. तुझं पाऊल मी अडाण्यासारखं घालवलं, पण हे मी शहाणपणानं केलं.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यानं हात वर करून थांबवलं. उठला, खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. मला वाटलं आता निघ म्हणेल.

"घरात जा," तो म्हणाला. "कौसी हाय. तिला वाचून दाव. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं न्हाय. दोन वरसं जेवायला वाढती, पन कामाबिगर बोलत न्हाय माझ्यासंगं."

हे मला माहीत नव्हतं. कौसल्या माझ्याकडे येत होती, माझ्या घरी चहा घेत होती, आणि मी तिला विचारत होतो, संभाजी कसा आहे.

तुझ्या आईला आता वाचून दाखवलं. ती काय म्हणाली ते तीच तुला सांगेल. मला फक्त एवढंच म्हणाली, "भावजी, चहा ठेवलाय, घेऊन जावा, आन् पुन्ना येऊ नका." चहा मी घेतला.

सोबत माझ्या दवाखान्याच्या कागदावर सगळं सहीनिशी लिहून दिलं आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. ज्याला दाखवायचं त्याला दाखव. दवाखान्याला कालच कुलूप लावलं. कन्यादानाला मी बसणार नाही, लग्नालाही येणार नाही. तुझी काकी येईल, तिचा काही दोष नाही. मला उत्तर पाठवू नकोस.

हे पाकीट तुला तीन-चार दिवसांनी मिळेल. संभाजीला मी म्हणालो, तू आत्ताच फोन लाव तिला, मी बोलतो. तर म्हणाला, "नगं. तिचं वाचून होऊ दी. तिला वाटलं तर ती करंल." मग त्यानं मोबाईल खिशातून काढून टॉवेलनं पुसला आणि कौसल्येला आत चार्जिंगला लावायला दिला. खत टाकायचं अर्धं राहिलंय, पण तो रानात परत गेलेला नाही. घराच्या ओट्यावर बसलाय, इथून दिसतोय. हे पत्र अजून मी टाकलेलंही नाही, हे त्याला ठाऊक आहे.

इंद्रजित